जमिनीत पुरलेले रांजण आणि जॉर्जियाची वाइन

वाइन म्हटले की आपल्याला फ्रान्स नाही तर इटली आठवते. काळा समुद्र आणि कॉकेशस पर्वत यांच्यामध्ये वसलेल्या जॉर्जियाचे नाव सहसा कोणी घेत नाही. क्षेत्रफळाने हा देश महाराष्ट्राच्या पावपटीहूनही लहान आहे. तरी द्राक्षाच्या वाइनचे सर्वांत जुने रासायनिक पुरावे इथेच मिळाले आहेत. राजधानी तिबिलिसीच्या दक्षिणेला गादाच्रिली गोरा आणि शुलावेरी गोरा या टेकाडांवर उत्खनन झाले. तिथल्या खापरांमध्ये द्राक्षातील टार्टरिक आम्लाचे अंश सापडल्याचे २०१७ साली प्रसिद्ध झाले. ती खापरे सुमारे आठ हजार वर्षांपूर्वीची आहेत.

या विषयातली पदवी माझ्याकडे नाही. मिळेल ते वाचत, नकाशा समोर ठेवून टिपणे काढत मी या देशाच्या द्राक्षमळ्यांचा माग काढत आलो आहे. मला पडलेला प्रश्न साधा होता. रशियन साम्राज्य आणि त्यानंतर सत्तर वर्षांची सोव्हिएत राजवट यांतून जाऊनही इतकी जुनी रीत टिकली कशी? त्याचे उत्तर मला घरोघरच्या रांजणांत सापडले.

या रांजणाला ‘क्वेव्री’ म्हणतात. आकार अंड्यासारखा, तळ निमुळता. तो गळ्यापर्यंत जमिनीत पुरलेला असतो आणि आतून मधमाश्यांच्या मेणाचा हात दिलेला असतो. काखेती प्रांतात पांढऱ्या द्राक्षांचा रस साल, बिया आणि देठांसकट त्यात ओततात. आंबण्याची क्रिया संपली की तोंड बंद करून पाच-सहा महिने ठेवतात. मातीमुळे तापमान फारसे वरखाली होत नाही. बिया निमुळत्या तळाशी बसतात आणि त्यांवर गाळाचा थर चढतो, म्हणून त्यांचा तुरटपणा बेताने उतरतो. सालीमुळे या वाइनला मधासारखा पिवळसर-तांबूस रंग येतो. युरोपात पांढऱ्या वाइनसाठी साल आधीच वेगळी करतात, त्यामुळे दोन्हींची चव अगदी निराळी.

आता प्रदेश पाहू. देशातली बहुतांश द्राक्षे पूर्वेच्या काखेतीत, अलाझानी नदीच्या खोऱ्यात पिकतात. तिथले पांढरे द्राक्ष रकात्सितेली आणि काळे सापेरावी. सापेरावी या नावाचाच अर्थ रंग देणारे. बहुतेक काळ्या द्राक्षांचा गर रंगहीन असतो, याचा मात्र लाल असतो. पश्चिमेच्या इमेरेतीत हवा दमट. तिथे साली थोड्याच घालतात आणि वाइन हलकी होते. उत्तरेच्या डोंगराळ राचात थंडी लवकर पडून आंबण्याची क्रिया मध्येच थांबते, साखर शिल्लक राहते. ख्वांचकारा ही गोडसर वाइन तिथलीच. देशात द्राक्षाच्या पाचशेहून अधिक स्थानिक जाती नोंदल्या गेल्या आहेत.

सोव्हिएत काळात या विविधतेवर संकट आले. सरकारी कारखान्यांना भरघोस पिकणाऱ्या मोजक्या जाती हव्या होत्या, बाकीच्या मागे पडल्या. १९८५ साली गोर्बाचेव्ह यांनी दारूविरोधी मोहीम काढली, तेव्हा उभे मळे उपटले गेले. पण खेड्यातल्या घरामागच्या चार वेली आणि ‘मारानी’, म्हणजे रांजण पुरलेली खोली, हे सारे घरच्या वापरापुरते चालूच राहिले. सणावाराला, लग्नाला, मर्तिकाला वाइन घरचीच लागे. कारखान्याने टाकून दिलेल्या कित्येक जाती अशा अंगणांत जगल्या.

दुसरा तडाखा २००६ साली बसला. राजकीय संबंध बिघडलेले असताना रशियाने आरोग्याचे कारण देऊन जॉर्जियन वाइनवर बंदी घातली. निर्यातीचा फार मोठा भाग त्याच एका गिऱ्हाइकाकडे जात होता. ते दार बंद होताच उत्पादकांना नव्या बाजारपेठा शोधाव्या लागल्या, आणि चोखंदळ परदेशी गिऱ्हाइकासाठी दर्जाही सुधारावा लागला. तेव्हा घरातला जुना रांजण कामी आला. इटलीतील योश्को ग्राव्हनेर यांच्यासारखे नामांकित उत्पादक त्याआधीच क्वेव्रीकडे वळले होते. २०१३ साली युनेस्कोने या पद्धतीला अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले. योगायोग असा, की त्याच वर्षी रशियाची बंदीही उठली.

आणि माझ्या मते खरी काळजी इथूनच सुरू होते. अलीकडच्या वर्षांत निर्यातीचा अर्ध्याहून अधिक भाग पुन्हा रशियाकडे जाऊ लागला आहे. जवळचे, चव ओळखणारे, ठोक घेणारे गिऱ्हाईक कोणाला नको असते? पण एकाच दारावर उभे राहिल्याची किंमत या देशाने एकदा मोजली आहे. क्वेव्रीची कीर्ती मोठी असली तरी एकूण उत्पादनात तिचा वाटा लहानच आहे.

त्याहून नाजूक गोष्ट कुंभारांची. मोठी क्वेव्री चाकावर होत नाही. मातीच्या वळ्या एकावर एक चढवत, रोज थोडी वाढवत ती हाताने घडवावी लागते आणि मग कित्येक दिवस भाजावी लागते. हे काम येणारी घराणी वार्दिसुबानी, माकातुबानी, श्रोशा अशा मोजक्या गावांतच उरली आहेत. जुन्या जातींच्या वेली संग्रहात लावून जपता येतात. हाताचे कसब मात्र बापाकडून मुलाकडे जाते, म्हणून त्या मुलाने गावात राहून हेच काम करण्याइतका भाव रांजणाला मिळाला पाहिजे.