अटी घालणारा ताम्रपट
गोंदियाला लागून असलेल्या बालाघाट जिल्ह्यात, तिरोडीला, वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याचा ताम्रपट सापडला. पण त्याच्या दानपत्रांत सर्वांत बोलका आहे तो अचलपूरजवळच्या चम्मकचा. पाचव्या शतकातल्या या संस्कृत दानपत्राने मधुनदीकाठचे गाव १००० ब्राह्मणांना दिले. करमाफी दिली आणि राजाच्या शिपायांना गावात शिरायला मनाई केली. मात्र देणारा राजा भोळा नव्हता. राजद्रोह, चोरी, व्यभिचार, राजावर विषप्रयोग, युद्ध, दुसऱ्या गावांना उपद्रव यांपैकी काही केले, तर जमीन काढून घेणे ही चोरी ठरणार नाही, असे त्यात स्पष्ट कोरले आहे. अशा ताम्रपटांचे पत्रे कडीत ओवून वर राजमुद्रा लावत, त्यामुळे एखादा पत्रा गुपचूप बदलणे अवघड होई.