उन्हाळ्यातील सायंकाळचे बिनचुलीचे जेवण

खानदेशातील उन्हाळ्याचे वर्णन वाचकांस नव्याने सांगावयास नको. एप्रिल-मे महिन्यांत जळगाव जिल्ह्यात पारा ४२ ते ४५ अंश सेल्सिअसपर्यंत चढतो. दिवसभर तापलेल्या भिंती व पत्रे सूर्यास्तानंतरही उष्णता बाहेर टाकीत राहतात. एरंडोल तालुक्यातील गावांतून अशा वेळी फिरताना असे दिसते की, पुरुषमंडळी ओट्यावर वा बाजेवर वाऱ्यास बसलेली असतात; पण दिवसभर शेतात राबून आलेली घरधनीण मात्र पुन्हा चुलीपुढे बसलेली असते. गॅस आला तरी स्वयंपाकघरातील उकाडा चुकत नाही. जेथे अद्याप पऱ्हाट्यांवर चूल पेटते, तेथे धुराचा त्रास होतो, आणि सायंकाळी वारा सुटल्यास ठिणगी कडब्याच्या गंजीवर जाण्याचे भयही असते.

याला सोपा उपाय आहे. आठवड्यातून तीन-चार सायंकाळी तरी चूल पेटवू नये. मात्र बिनचुलीचे जेवण म्हणजे अर्धपोटी जेवण नव्हे, हे प्रथम ध्यानात ठेवावे. राबणाऱ्या माणसास धान्य, कडधान्य किंवा शेंगदाणे, ताक किंवा दूध आणि एखादे कच्चे फळ वा भाजी, ही चारही अंगे एका जेवणात मिळाली पाहिजेत. ज्वारीच्या प्रथिनांत लायसीन हा घटक कमी असतो. तो कडधान्यांत भरपूर असतो. आपल्याकडील कळण्याच्या भाकरीत ज्वारीबरोबर उडीद दळण्याची जी रीत आहे, ती या दृष्टीने फार शहाणपणाची आहे.

पूर्वतयारी

बिनचुलीच्या जेवणाचे खरे काम आधीच करून ठेवावयाचे असते. चैत्रात, पहाटेच्या गारव्यात, टणक दाण्याच्या ज्वारीच्या लाह्या फोडून त्यांचे पीठ करून ठेवावे. सातूसाठी दोन भाग गहू पाण्याचा हात लावून, सुकवून खमंग भाजावेत. त्यात एक भाग फुटाण्याचे डाळे व थोडे जिरे घालून बारीक दळावे. शेंगदाणे भाजून कूट करावा. बुरशी आलेले, सुरकुतलेले व काळे पडलेले दाणे निवडून टाकावेत. त्यांत अफ्लाटॉक्सिन नावाचे विष असू शकते व ते भाजल्यानेही पूर्णपणे जात नाही. ही सर्व पिठे कोरड्या डब्यांत घट्ट झाकून ठेवावीत व महिनाभरात संपतील इतकीच करावीत.

काही जेवणे (पाच माणसांसाठी)

लाह्यांचे पीठ व ताक : लाह्यांचे पीठ अर्धा किलो, शेंगदाण्याचा कूट दीडशे ग्रॅम, ताजे ताक दीड ते दोन लिटर, चिरलेला कांदा, मिरचीचा ठेचा, जिरे व मीठ एकत्र कालवावे. पीठ फुगते, म्हणून ताक थोडे थोडे घालावे. घामावाटे गेलेले पाणी व मीठ यामुळे भरून येण्यास मदत होते. सोबत एकेक केळे घ्यावे.

सातू व शिकरण : सकाळी उकळून गार केलेल्या एक लिटर दुधात दहा पिकलेली केळी कुस्करावीत व चवीपुरता बारीक चिरलेला गूळ घालावा. त्यात चारशे ग्रॅम सातूचे पीठ मिसळावे. केळी हे तर जिल्ह्याचे मुख्य फळपीक. बाजारात न चालणारी, जरा जास्त पिकलेली केळी येथे उत्तम उपयोगी पडतात.

दडपे पोहे : अर्धा किलो पातळ पोह्यांत किसलेली काकडी तिच्या रसासह, कांदा, किसलेली कैरी, शंभर ग्रॅम शेंगदाण्याचा कूट, दोन चमचे कच्चे तेल, मीठ व कोथिंबीर घालून पंधरा मिनिटे दडपून ठेवावे. वरून दही घ्यावे.

मोडाचे मूग : पाव किलो मूग रात्री भिजत घालून सकाळी स्वच्छ ओल्या फडक्यात बांधावेत. आपल्या हवेत सायंकाळपर्यंत बारीक मोड येतात. मोड आल्याने क जीवनसत्त्व वाढते. कांदा, लिंबू व मीठ लावून ते कळण्याच्या भाकरीबरोबर खावेत.

भाकरी सकाळीच थापून, पूर्ण गार झाल्यावर फडक्यात गुंडाळून टोपलीत ठेवल्यास सायंकाळी चांगली राहते. जेवणानंतर डांगराची, म्हणजे खरबुजाची, फोड असल्यास उत्तम.

घ्यावयाची दक्षता

न शिजविलेल्या अन्नात जंतू मारणारा अग्नी नसतो. म्हणून स्वच्छतेत कसूर झाल्यास लाभाऐवजी हानी होईल. पाणी उकळून गार केलेले किंवा क्लोरीनने शुद्ध केलेले वापरावे. हात साबणाने धुवावेत, फळे व भाज्या चिरण्यापूर्वी धुवाव्यात. कालवलेले अन्न लगेच खावे. उरलेले सकाळसाठी ठेवू नये. अशा उष्म्यात जंतू अर्ध्या तासाच्या आत दुप्पट होऊ शकतात. याच कारणाने सकाळचा भात, वरण किंवा ओली भाजी सायंकाळपर्यंत उघड्यावर ठेवून खाऊ नये. मोडांना वास किंवा चिकटपणा आल्यास ती फेकून द्यावीत. लहान मुले, गरोदर स्त्रिया व वृद्ध यांना मोड वाफवूनच द्यावेत. ते सकाळच्या स्वयंपाकात न वाफवता आल्यास त्या सायंकाळी त्यांना शिकरण द्यावी.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांस सूचना

ही माहिती केवळ भाषणाने पोचणार नाही. आखाजीपूर्वी बचत गटाच्या किंवा अंगणवाडीच्या बैठकीत लाह्यांचे पीठ व सातू यांचे प्रात्यक्षिक करावे, सर्वांना चव द्यावी आणि वापरलेली मापे गावच्या फळ्यावर लिहावीत. या बैठकीस पुरुषांनाही आवर्जून बोलवावे. पीठ ताकात कालविण्यास कोणतेही कसब लागत नाही. ते काम शेतकरी बंधूंनी आपल्या हाती घेतले, तर दिवसभर उन्हात राबलेल्या माउलीलाही ओट्यावर घटकाभर वाऱ्यास बसता येईल.