बुचावरचा थर्मामीटर, बंपरवरची छागल

जुन्या मोटारींचे शौकीन गाडीइतकाच जीव तिच्या सुट्या जिनसांवर टाकतात. पितळी भोंगे, कार्बाइडचे दिवे, खांबातून बाहेर येऊन वळण दाखवणारे ट्रॅफिकेटर, रेडिएटरच्या बुचावर बसणारे थर्मामीटर यांचा शोध मुंबईच्या चोर बाजारापासून गावोगावच्या भंगाराच्या दुकानांपर्यंत चालतो. यातली जवळपास प्रत्येक जिन्नस हे कुठल्या तरी अडचणीला विज्ञानाने दिलेलं उत्तर आहे. उष्णतेशी झुंजणाऱ्या जिनसा समजून घ्यायच्या, तर त्यासाठी नागपूरच्या मे महिन्यासारखी प्रयोगशाळा नाही.

पारा ४५ वर गेला की

१९०८ ते १९२७ या काळात तयार झालेल्या फोर्ड मॉडेल टी गाड्यांपैकी बहुतेकींना पाण्याचा पंपच नव्हता. इंजिनाभोवती तापलेलं पाणी हलकं होऊन वर चढायचं, रेडिएटरमध्ये निवून खाली उतरायचं आणि पुन्हा इंजिनाकडे जायचं. या रचनेला थर्मोसायफन म्हणतात.

रेडिएटर किती उष्णता बाहेर टाकणार, हे पाणी आणि हवा यांच्या तापमानातल्या फरकावर ठरतं. लंडनमध्ये हवा २० अंशांवर असेल, तर उकळत्या पाण्याशी तिचा फरक ८० अंशांचा होतो. नागपुरात ४५ अंशांच्या उन्हात तोच फरक ५५ वर येतो. म्हणजे तोच रेडिएटर इथे जवळपास एक तृतीयांश कमी उष्णता बाहेर टाकतो. चढ लागला किंवा गाडी एका जागी घरघरत राहिली, की पाणी उकळलंच.

चालकाला हे वेळीच कळावं म्हणून अमेरिकेत बॉइस मोटोमीटर निघाला. त्याचं पेटंट १९१२ चं. हा थर्मामीटर रेडिएटरच्या बुचावर उभा असे आणि त्यातली लाल रेघ चालकाला बसल्या जागेवरून दिसे. त्याचा फुगा पाण्यात बुडत नसे, पाण्यावरच्या वाफेत राही. त्यामुळे पाण्याची पातळी थोडी उतरली, तरी इशारा मिळायचा.

वाळ्याच्या ताटीचं नातं

जाड कापडाची छागल बंपरला किंवा दाराला टांगून लोक लांबच्या प्रवासाला निघत. कापडातून पाझरणारं पाणी वाऱ्याने उडून जातं आणि जाताना प्रत्येक ग्रॅममागे सुमारे २४०० ज्यूल उष्णता घेऊन जातं. ती उष्णता बऱ्याच अंशी आतल्या पाण्यातून येते. हवा ४५ अंशांची आणि आर्द्रता १५ टक्के असेल, तर ओल्या फडक्यात गुंडाळलेला थर्मामीटर २४ अंशांच्या आसपास उतरतो. छागलीतल्या पाण्याची धावही तिथवरच असते.

याच तत्त्वावर अमेरिकेच्या कोरड्या नैर्ऋत्य भागात मोटारीच्या खिडकीवर बसवायचे कूलर चालले. वेगामुळे आत शिरणारी हवा ओल्या गादीतून जायची आणि थंड होऊन प्रवाशांकडे यायची. साध्या नमुन्यांना ना मोटर लागे, ना कॉम्प्रेसर. वाळ्याच्या ताट्यांवर उन्हाळे काढणाऱ्या नागपूरकराला हे वेगळं सांगायला नको. असा कूलर मे महिन्यात चोख काम करील. ऑगस्टच्या दमट हवेत मात्र त्याचा उपयोग नाही.

कार्बाइडचा उजेड

कॅल्शियम कार्बाइडवर पाणी ठिबकलं, की ॲसिटिलीन वायू सुटतो आणि खाली चुन्याचा लगदा उरतो. या वायूच्या ज्योतीत कार्बनचे सूक्ष्म कण तापून झळाळतात, म्हणून तिचा उजेड पांढरा आणि प्रखर असतो. १९१२ मध्ये कॅडिलॅकने विजेचा स्टार्टर आणि विजेचे दिवे एकत्र दिले आणि पुढे कार्बाइडचे दिवे मागे पडले.

असा दिवा हौसेखातर पेटवू नये. हवेत ॲसिटिलीनचं प्रमाण अडीच टक्क्यांपासून ८० टक्क्यांपर्यंत काहीही असलं, तरी स्फोट होऊ शकतो. तुटलेल्या नळीच्या जागी शुद्ध तांब्याची नळी घालणं तर आणखी घातक, कारण तांब्याशी संयोग होऊन स्फोटक ॲसिटिलाइड तयार होऊ शकतं. कार्बाइडची साठवण १९८७ च्या नियमांखाली येते. त्यांची अंमलबजावणी पाहणाऱ्या पेट्रोलियम व स्फोटके सुरक्षा संघटनेचं मुख्यालय नागपुरातच आहे.

हात लावण्यापूर्वी

जिनसेचं वय तिच्या मुलाम्यावरून ओळखता येतं. निकेलची झाक किंचित पिवळसर असते, क्रोमची निळसर. मोटारींवर क्रोम रुळला तो १९२० च्या दशकाच्या अखेरीस. त्याआधीच्या दिव्याला क्रोम दिसला, तर तो मुलामा नंतर चढवलेला समजावा.

अंधारात चमकण्यासाठी जुन्या काही घड्याळांच्या आणि मीटरच्या आकड्यांना रेडियमचा रंग दिलेला असे. त्यातलं झिंक सल्फाइड थकल्यामुळे चमक गेली, तरी रेडियम जिवंत आहे. त्याचं अर्धायुष्य सुमारे १६०० वर्षांचं आहे. अशा तबकडीची काच उघडू नये, रंग खरवडू नये. जुन्या ब्रेक लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असण्याची शक्यता असते, तेव्हा त्यावरही कानस चालवू नये.

केंद्र सरकारने २०२१ मध्ये ५० वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूप राखलेल्या गाड्यांना व्हिंटेज म्हणून मान्यता दिली. त्यांच्या नोंदणी क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरं येतात. गाडीला असं संरक्षण मिळालं. सुट्या जिनसांना मात्र ते नाही. त्या सगळ्यात आधी भंगारात जातात.

विदर्भातल्या कुणाच्या घरी माळ्यावर असा भोंगा, दिवा किंवा थर्मामीटर पडला असेल, तर तो किलोच्या भावाने देऊ नका आणि घासून लखलखीतही करू नका. तो कुठल्या गाडीचा, कोणी वापरला, हे घरातल्या जाणत्यांना विचारून लिहून ठेवा. नागपूरच्या रमण विज्ञान केंद्रासारख्या ठिकाणी या जिनसांमागचं विज्ञान मुलांना दाखवायची सोय व्हायला हवी. मोटोमीटरची रेघ चढताना पाहिलेला मुलगा उष्णतेचा धडा विसरणार नाही.