पिकअपची घरघर : दोष कुठे शोधावा?

इलेक्ट्रिक गिटारचा पिकअप म्हणजे चुंबकाभोवती बारीक वायरचे हजारो वेढे घातलेली कॉइल. ती गिटारच्या तारांचे कंपन टिपते, तशी आसपासच्या विजेची घरघरही टिपते.

सलग घरघर : गिटार घेऊन जागीच वळल्यावर ती कमी-जास्त झाली, तर बहुधा जवळचा ट्रान्सफॉर्मर कारणीभूत असतो. सिंगल कॉइल पिकअपमध्ये हा त्रास अंगभूतच असतो. गिब्सन कंपनीतील सेथ लव्हर यांनी १९५५ मध्ये पेटंटसाठी अर्ज केलेल्या हंबकर पिकअपमध्ये दोन कॉइल ही घरघर परस्परांत खोडून काढतात.

चरचर : तारांना हात लावताच ती घटली, तर अर्थची जोडणी ठीक, पण शील्डिंग अपुरे. आतील पोकळीला तांब्याचा पातळ पत्रा चिकटवून तो अर्थला जोडावा. हात लावल्यावर वाढली, तर जॅकवरील वायरी उलट जोडल्या आहेत का, हे पाहावे.

खरखर : नॉब फिरवताना आल्यास नॉबखालच्या पॉटमध्ये (पोटेन्शिओमीटरमध्ये) कॉन्टॅक्ट क्लीनर मारावा, केबल हलवताना आल्यास केबल बदलून पाहावी, मग जॅकवरचे सोल्डरचे जोड तपासावेत.

शिट्टी : आवाज वाढवताच कर्कश शिट्टी येत असेल, तर कॉइलचे वेढे सैल असू शकतात. वितळलेल्या मेणात पिकअप मुरवल्यास ते घट्ट बसतात.