आधी अमीर, मग ताळेबंद

कुवेत फायनान्स हाउस ही १९७७ साली स्थापन झालेली इस्लामी बँक. तिचा वार्षिक अहवाल उघडला की आकड्यांआधी भेटतात देशाचे अमीर, म्हणजे राज्यप्रमुख, आणि युवराज यांची छायाचित्रे. अध्यक्षांचे निवेदन अल्लाच्या नावाने सुरू होते आणि अमीर, युवराज, मध्यवर्ती बँक असे मानाच्या पायरीने आभार मानत संपते. उलट अमेरिकी गुंतवणूकदार वॉरन बफे यांनी भागधारकांना लिहिलेल्या १९८९ च्या पत्रात पंचवीस वर्षांतल्या आपल्याच चुकांचा पाढा वाचला. आपल्याकडच्या कंपन्यांचे अध्यक्ष साधारण या दोघांच्या मधे कुठेतरी बसतात. पण कुवेतची भाषा म्हणजे नुसता मानपान, असे समजून पान उलटू नये. या बँकेच्या अहवालात व्यवहार इस्लामी नियमांना धरून आहेत असा शरिया मंडळाचा दाखलाही असतो. म्हणजे अध्यक्ष भागधारकांबरोबरच धर्म आणि राज्य यांनाही उत्तर देत असतो, आणि तेच त्याच्या वाक्यांत उतरते.

यावर कोणी म्हणेल, आकडे तर ठरलेल्या लेखामानकांनुसारच असतात, मग शब्दांकडे कशाला बघायचे? आकड्यांचा साचा बराचसा ठरलेला, म्हणूनच बघायचे. फरक उरतो तो निवेदनात. ते जनसंपर्क विभाग लिहितो, हा आक्षेपही फारसा टिकत नाही. काय शोभते आणि काय खटकते, हे त्या विभागाला पक्के ठाऊक असते. मात्र शेअर घेणाऱ्याने ‘आव्हानात्मक वर्ष’ असे शब्द दिसले की थेट मागच्या टिपांत जाऊन बुडीत कर्जांसाठीची तरतूद बघावी. तिथे अदब चालत नाही.

जपानी किंवा जर्मन कंपन्यांचे अहवाल वाचणारे कोणी आहे का इथे? तिकडे काय रीत आहे?