रिचर्ड बर्टन : खाणींच्या मुलखातला नट

नटाच्या कारकिर्दीचा हिशेब पारितोषिकांच्या यादीवरून मांडण्याची जी रीत चित्रपटयुगाने रूढ केली, तिने ज्या कलावंतांवर अन्याय केला त्यांत वेल्सचा रिचर्ड बर्टन अग्रगण्य होय. ऑस्करसाठी सात वेळा नामांकन होऊनही ते पारितोषिक त्याला एकदाही लाभले नाही. त्यात एलिझाबेथ टेलरशी दोनदा झालेल्या विवाहाचा बोभाटा जगभर झाला, आणि वाया गेलेली प्रतिभा असा शिक्का त्याच्या नावावर कायमचा बसला. तो कितपत न्याय्य, हे ठरविण्यापूर्वी ती प्रतिभा घडली कशी, हे पाहणे अगत्याचे आहे.

दक्षिण वेल्सच्या कोळसाखाणींच्या मुलखात, पाँट्रिडिवेन या खेड्यात, १० नोव्हेंबर १९२५ रोजी जेंकिन्स नावाच्या खाणमजुराच्या घरी तो जन्मला. तेरा भावंडांत तो बारावा. दोन वर्षांचा होण्याआधीच मातृवियोग घडला आणि थोरली बहीण सिसिलिया हिने पोर्ट टॅलबटमधील टायबाख येथे त्याचा सांभाळ केला. वेल्श ही त्याची मातृभाषा, इंग्रजी नंतरची. दारिद्र्यापायी शाळा सोडून सहकारी भांडारात कापड विकणारा हा मुलगा पुन्हा वर्गात आला, तेव्हा फिलिप बर्टन या नाट्यवेड्या शिक्षकाने त्याला हाती धरले. त्याला दत्तक घेण्याचा गुरूचा इरादा होता. परंतु उभयतांच्या वयांत कायद्याने मुक्रर केलेले २१ वर्षांचे अंतर अवघ्या २० दिवसांनी कमी भरल्यामुळे तो सिद्धीस गेला नाही, आणि १९४३ साली केवळ पालकत्वाचा दस्तऐवज होऊन शिष्याने गुरूचे आडनाव धारण केले. डोंगरमाथ्यावर शिष्याला शेक्सपिअरची भाषणे म्हणावयास लावून गुरू दूरदूर सरकत जाई, आणि न ओरडता शब्द पोहोचलाच पाहिजे असा त्याचा दंडक असे. ज्या आवाजाला पुढे लोकांनी दैवी देणगी म्हटले, त्याच्यामागे ही तालीम होती.

एम्लिन विल्यम्स या वेल्श नाटककाराने त्याला प्रथम रंगभूमीवर व पुढे १९४९ साली पडद्यावर आणले. १९५१ मध्ये स्ट्रॅटफर्डला राजपुत्र हॅल, त्यानंतर लंडनच्या ओल्ड व्हिकमध्ये हॅम्लेट व कोरिओलेनस, आणि १९५६ मध्ये जॉन नेव्हिलसह आलटून पालटून ऑथेल्लो व इयागो, अशा भूमिकांनी त्याची गणना थोर शेक्सपिअरीय नटांत होऊ लागली. १९५४ च्या जानेवारीत बीबीसीने डिलन टॉमसचे ‘अंडर मिल्क वुड’ ध्वनिक्षेपित केले, तेव्हा त्यातील निवेदकाचा स्वरही त्याचाच होता.

हॉलिवूडने त्याला अमाप द्रव्य दिले आणि त्या द्रव्यापायी त्याने कित्येक सामान्य चित्रपट पत्करले, हे नाकारता येत नाही. ‘द रेन्स ऑफ रांचीपूर’मध्ये तर त्याला हिंदी डॉक्टर होऊन उभे राहावे लागले. परंतु ‘बेकेट’, ‘द स्पाय हू केम इन फ्रॉम द कोल्ड’ आणि ‘हूज अफ्रेड ऑफ व्हर्जिनिया वुल्फ’ हे १९६० च्या दशकातले चित्रपटही त्याचेच. आणि कीर्तीच्या ऐन शिखरावर असताना, १९६४ मध्ये, ज्येष्ठ इंग्रज नट जॉन गिलगुड याच्या दिग्दर्शनाखाली तालमीच्या साध्या वेषात न्यूयॉर्कला हॅम्लेट उभा करणारा नट रंगभूमीला विसरला होता, असे कोण म्हणेल? १९७६ मध्ये ‘इक्वस’साठी तो तेथेच परतला. ५ ऑगस्ट १९८४ रोजी, वयाच्या ५८ व्या वर्षी, स्वित्झर्लंडमध्ये त्याचे निधन झाले.

त्याने काय गमावले याची मोजदाद पुष्कळ झाली. त्याने जे कमावले ते शब्दोच्चारात आहे, आणि सुदैवाने ध्वनिमुद्रणांत सुरक्षित आहे. वाचकांनी ते ऐकावे आणि मगच निवाडा करावा.