कायदा एक, लेकीचा वाटा किती?

वारली चित्रांचा कुर्ता तुमच्या कपाटात असेल, ऑफिसच्या टेबलावर तसा मगही असेल. पण आदिवासी घरातल्या लेकीला बापाच्या जमिनीत वाटा मिळतो का, असं कधी डोक्यात आलंय? समान नागरी कायद्यावर कॅन्टीनमध्ये वाद रंगतो, तेव्हा गाडी हिंदू-मुसलमानांच्या पुढे सरकतच नाही. यात आदिवासी कुठे आले?

आले की! १९५६ चा हिंदू वारसा कायदा, केंद्र सरकारने तसं जाहीर केल्याशिवाय, अनुसूचित जमातींना लागूच होत नाही. वडिलोपार्जित मालमत्तेत लेकींना मुलांइतका हक्क महाराष्ट्रात १९९४ मध्ये मिळाला, देशभर २००५ मध्ये. आदिवासी लेकी बाहेरच राहिल्या. उत्तराखंडचा समान नागरी कायदा २७ जानेवारी २०२५ ला लागू झाला. त्यातूनही अनुसूचित जमातींना वगळलंय.

मग लावून टाका सगळ्यांना एकच कायदा! मामला इतका सिंपल नाही, बॉस. मेघालयातल्या खासींमध्ये कूळ आईकडून चालतं आणि वडिलोपार्जित घर जातं धाकट्या लेकीकडे. वारल्यांच्या लग्नाचे विधी धवलेरी करते, म्हणजे चक्क बाई. आपल्या किती लग्नांत बाई भटजी असते? तेव्हा रूढी म्हणजे मागासलेपण, हे समीकरण आधी खोडून टाकूया.

पण सगळंच गोड नाही. आजच्या झारखंडमधल्या छोटा नागपूरचा १९०८ चा कूळकायदा जमीन पुरुष वारसांकडे देतो. मधू किश्वर यांनी त्याला आव्हान दिलं. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने तो रद्द केला नाही, बायकांना त्या जमिनीवर पोट भरण्याचा हक्क तेवढा दिला. कारण? लेक लग्न करून गेली की जमीन जमातीबाहेर जाईल, ही धास्ती. धास्ती खोटी नाही. पण महाराष्ट्रात आदिवासीची जमीन बिगरआदिवासीला विकायची तर सरकारी परवानगी लागतेच. विक्रीला कुलूप लावता येतं, तर ते लेकीच्या नावाला कशाला?

डिसेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केंद्राला या कायद्याचा फेरविचार करायला सांगितलं. मग १७ जुलै २०२५ चा निकाल आला. छत्तीसगडमधल्या एका गोंड बाईच्या वारसांनी तिच्या वडिलांच्या मालमत्तेत वाटा मागितला होता. खालची दोन कोर्टं आणि हायकोर्ट म्हणालं, लेकीला वाटा मिळायची रूढी आहे हे आधी सिद्ध करा. सर्वोच्च न्यायालयाने प्रश्नच उलटा केला: वाटा नाकारणारी रूढी कुठे सिद्ध झालीय? ती नसेल, तर समानता. वारसांना वाटा मिळाला.

मला हा मार्ग पटतो. रूढी पुसायची नाही, पण लेकीला नाकारायचं असेल तर पुरावा नाकारणाऱ्याने द्यायचा. अर्थात, अशी रूढी खरंच सिद्ध झाली तर काय, हा पेच उरतोच. तो कायद्यानेच सोडवावा लागेल आणि तो लिहिताना आदिवासी बायकांना विचारावं लागेल. कारण ‘आमच्यात असंच असतं’ हे आजवर कोण सांगत आलंय? पंचायतीत बसलेले पुरुष. तीच रूढी एकदा तिच्या तोंडूनही ऐकूया की!